आईने निवडलेला पिक्चर

आवडता पिक्चर कोणता असं विचारलं की माणूस हमखास खोटं बोलतो, हे माझं पक्कं मत आहे. समोर कोण बसलंय ते बघून तो उत्तर देतो. साहेबांनी विचारलं तर एक, बायकोने विचारलं तर दुसरा, आणि चार शिकलेल्या माणसांत विचारलं तर असा कुठला तरी, जो बघताना त्याला स्वतःला झोप लागली होती. घरात मला शंकेखोर म्हणतात. म्हणू देत. शंका आली की मी ती गिळत बसत नाही, आणि बहुतेक वेळा ती खरीच निघते.

म्हणूनच त्या दिवाळीत दादाने चिवड्याची वाटी पुढ्यात ओढून, "चला, आज प्रत्येकाने आपला ऑल टाइम आवडता पिक्चर सांगायचा," असं जाहीर केलं, तेव्हा मी आधी त्याच्या तोंडाकडे बघितलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पुण्याला असतो. इथे येतो तेव्हा लॅपटॉप उघडून बसतो, आणि कुणी टीव्हीचा आवाज जरा वाढवला की त्याच्या कपाळावर आठी. हा माणूस पिक्चरच्या गप्पा मारणार? दाल में काला नाही, मला तर अख्खी दालच काळी दिसायला लागली.

कारण दादा नुसता दिवाळीला आलेला नव्हता. तो आई-बाबांना पुण्याला कायमचं न्यायला आला होता. त्याच्या सोसायटीत एक फ्लॅट रिकामा होणार होता आणि दिवाळी उरकायच्या आत त्याला हो किंवा नाही, काय ते कळवायचं होतं. बाबा साफ नाही म्हणत होते. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या उज्जैनातलं, दरबारी कारकुनीसाठी आलेलं, आणि बाबांनी रेल्वेतली नोकरीसुद्धा बदल्या चुकवत चुकवत इथेच काढली. आईला विचारलं की ती म्हणायची, "हे म्हणतील तसं." आई मूळची वाईची. पण लग्न होऊन इथे आली त्याला जमाना झाला, ती आता इथलीच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. आणि मी? मी लग्नानंतरही उज्जैनातच. कॉलेजातल्या नोकरीतून सुटले की संध्याकाळचा चहा फ्रीगंजला आईकडे, मगच माझं घर. त्यामुळे मी उघड उघड बाबांच्या पार्टीत होते.

तर पिक्चर. नियम बाबांनी घातले. पिक्चर एकच सांगायचा, तो टॉकीजमध्ये बघितलेला पाहिजे, आणि बाकीच्यांनी त्यावर तुटून पडायचं. जो टिकला तो जिंकला.

दादाने सुरुवात केली. कुठल्याशा थंड देशातला पिक्चर. एक म्हातारा खिडकीशी बसतो आणि बाहेर बर्फ पडतं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? बसतो. त्याचं ते बसणंच सगळं आहे."

"शेवटी काय होतं?"

"शेवट महत्त्वाचा नसतो गं अशा पिक्चरमध्ये."

"म्हणजे तू शेवटपर्यंत बघितलेला नाहीस."

"तुला नाही कळायचं ते."

"अच्छा! मला नाही कळायचं!"

बाबांनी हात वर केला. "टॉकीजमध्ये बघितलीस का ही पिक्चर?" दादा म्हणाला, लॅपटॉपवर. "मग बाद," बाबा म्हणाले, आणि मला इतका आनंद झाला की मी करंजी घेतली.

बाबांचा डाकूंचा. तो काय, आम्हाला लहानपणापासून पाठ. देवास गेटजवळच्या टॉकीजमध्ये पहिल्या दिवशी लाठी खाऊन तिकीट मिळवलं, घोड्यांच्या टापा ऐकल्या की अजून अंगावर काटा येतो, वगैरे. मी म्हटलं, "बाबा, टापा राहू द्या. त्यात ती नाचणारी बाई होती, तिच्यासाठी जात होता तुम्ही." आई तोंडाला पदर लावून हसली. बाबा म्हणाले, "ती पण होती." माझा दोन जुळ्या भावांच्या घोटाळ्यांचा. दादा म्हणाला थिल्लर. मी म्हटलं, थिल्लर तर थिल्लर, मी तो बघताना जागी तरी होते. आमची अशी जुंपली की शेजारच्या काकू खिडकीतून विचारायला लागल्या, "क्या हो गया भाई?"

मग दादा म्हणाला, "आई, तू?"

आईचं उत्तर आम्हाला ठाऊक होतं. 'मला बाई सगळेच आवडतात.' दर वेळी हेच. पण त्या दिवशी तिने चकल्यांचा डबा बंद केला आणि एका पिक्चरचं नाव घेतलं. विचार नाही, आठवणं नाही, एकदम. आणि नाव असं की आम्ही भावंडांनी कधी ऐकलंच नव्हतं. कुणी मोठा हिरो नाही, एक गाणं धड नाही, आला आणि पडला असा कुठला तरी पिक्चर.

"काय आहे त्यात?" दादाने विचारलं.

"एक मुलगी असते, मास्तरांची," आई म्हणाली. "तिच्या हातून काहीतरी अपराध घडतो. मग तिला परक्या गावी ठेवतात, नातलगांकडे, भोगायला. ती भांडी घासते, पाणी भरते, बोलणी खाते. मुकाट्याने सगळं करते. अशी कितीतरी वर्षं जातात. मग सुटते."

"अपराध काय करते?"

"ते नाही दाखवलं."

"असं कसं नाही दाखवलं?"

"नाही दाखवलं बाई. मी लक्ष देऊन बघत होते."

इथे मी बाबांकडे बघितलं. त्यांचा चिवड्याचा घास हातातच राहिला होता. नियमाप्रमाणे त्यांनी आता काहीतरी विचारायला हवं होतं, निदान टॉकीज कुठली ते. ते उठले, पायात चप्पल सरकवली आणि म्हणाले, "कोथिंबीर घेऊन येतो." कोथिंबीर फ्रीजमध्ये होती. सकाळी मीच आणली होती, चांगली मोठी जुडी.

घरी गेल्यावर मी मोबाइलवर तो पिक्चर शोधून काढला. हल्ली सगळं मिळतं. आई-बाबांच्या लग्नाच्याच सालचा निघाला. गाणी पळवत, रडारड पळवत बघून टाकला. आणि मी चाटच पडले. त्यात अपराध नव्हताच! गावातल्या मास्तरची हुशार मुलगी शहरात काकांकडे शिकायला जाते. काकू खाष्ट असते, तिला राबवून घेते, हे खरं. पण पोरगी परीक्षा पास होते, शाळेत बाई होते आणि गावी परत येते. संपला पिक्चर. कसला अपराध आणि कसलं भोगणं?

दुसऱ्या दिवशी दादाचा फोन. "चल, टावर चौकात कचोरी खाऊ." हा पुण्याचा माणूस सकाळी सकाळी तळलेलं खाणार, म्हणजे नक्कीच काहीतरी आहे. गेले. सणाचे दिवस, महाकालच्या दर्शनाला आलेल्या लोकांनी रस्ते भरलेले, उभं राहायला जागा नाही. दोन घास झाल्यावर तो म्हणाला, "तो पिक्चर मी पण बघितला. आईने गोष्ट सगळी चुकीची सांगितली."

"मग?"

"मग काय? वय झालंय तिचं. विसरायला लागली असेल. तिकडे डॉक्टर चांगले आहेत, वेळीच दाखवलं तर..."

माझं डोकंच फिरलं. "म्हणून तू हा पिक्चरचा खेळ काढलास! परीक्षा घेत होतास तिची!"

"काय बोलतेस तू? मी सहज विचारलं."

"तू आयुष्यात सहज काही केलेलं नाहीस."

तो लाल झाला. रागाने की चोरी पकडली गेली म्हणून, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण आईकडे परतताना माझ्याच मनात तिची परीक्षा सुरू झाली. आई सुनेच्या, नातवंडांच्या, शेजारणींच्या मुलांच्या वाढदिवसांच्या तिथी-तारखा सांगते. ती विसरेल? आणि विसरली असेल तर माझ्याकडे दादाला थांबवायला काय उरलं?

बाबा अंगणात झाडांना पाणी घालत होते. मी सरळ विचारलं, "आईचा तो पिक्चर, तुम्ही होता का बरोबर?"

"लक्षात नाही."

ज्या माणसाला कुठली गाडी कुठल्या साली कुठल्या स्टेशनावर किती उशिरा आली ते अजून सांगता येतं, त्याला लक्षात नाही! "लक्षात नाही कसं बाबा? लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी टॉकीजमध्ये नेलं असेल ना कुणीतरी तिला?"

"तू तर वकील व्हायला पाहिजे होती."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "हे होते की. गेटजवळच्या टॉकीजमध्ये. मधल्या रांगेत बसलो होतो." बाबांनी नळ पूर्ण सोडला आणि पाण्याच्या आवाजात पुढचं सगळं वाहून गेलं.

म्हणजे आई विसरलेली नव्हती आणि बाबा लपवत होते. आता माझ्या शंकेला असे पाय फुटले की सांगायची सोय नाही. सांगते तरी. मला वाटलं, हा अपराध पिक्चरमधल्या पोरीचा नाहीच. हा आईचा आहे. काय घडलं असेल वाईला? त्या काळी कोण देतं आपली मुलगी इतक्या लांब, जिथे जायला दोन गाड्या बदलाव्या लागतात आणि बाजारातली भाषासुद्धा आपली नाही? इतर मावश्या सगळ्या आसपास दिल्या, एक साताऱ्याला, एक पुण्याला. हिलाच का? बाबांना ठाऊक असेल, म्हणूनच त्यांना त्या पिक्चरचं नाव सहन होत नाही. सगळं कसं चपखल बसत होतं.

संध्याकाळी आई वाती वळत होती. मी शेजारी बसून सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, आजोबांनी तुला एवढ्या लांब का गं दिलं?"

"स्थळ चांगलं होतं."

"बस?"

"बस," आई म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तुझ्या डोक्यात काय शिजतंय?" मी म्हटलं, काही नाही. तिलाही माझा स्वभाव ठाऊक आहे. तिने पुढची वात घेतली.

मला काही ते सोसेना. भाऊबीजेला ओवाळणं झालं, जेवणं झाली, सगळे हॉलमध्ये सुस्तावले, तेव्हा मी मोबाइल टीव्हीला जोडला आणि म्हटलं, "आईचा पिक्चर बघू या. सगळ्यांनी मिळून." दादा म्हणाला, "कशाला उगाच?" बाबा उठायला लागले. मी दाराकडच्या खुर्चीत बसले होते, मुद्दाम. "बसा बाबा, आज कोथिंबीर, मिरच्या, आलं, सगळं आहे घरात."

पूर्ण पिक्चर बघायला कुणाला धीर होता? मी शेवटच लावला. मुलगी बैलगाडीतून उतरते. अंगण. म्हातारे मास्तर ओसरीवर चष्मा पुसत उभे. ती वाकून पाया पडते आणि म्हणते, "बाबूजी, मेरी शिक्षा पूरी हो गई. अब मैं अपने घर रहूँगी."

बाबांनी मान खाली घातली. त्यांची ती मान बघितली आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी हा पिक्चर एकदा बघितला होता, हेच वाक्य ऐकलं होतं आणि मला काही म्हणजे काही खटकलं नव्हतं. इथे जन्मलेल्या आम्हा लोकांचं असंच. हिंदी ऐकायला लागलो की डोक्यातलं मराठी आपोआप मिटतं. पण वाईहून नुकती आलेली, शाळेतलं हिंदी पाठ करून जेमतेम पास झालेली मुलगी काय ऐकणार?

"आई!" मी ओरडलेच. "अगं, शिक्षा म्हणजे हिंदीत शिक्षण! तिचं शिक्षण पूर्ण झालं, असं म्हणतेय ती! तू समजलीस..."

दादा आधी बघतच राहिला, मग खो खो हसत सुटला. मीही. दोन दिवसांचा ताण होता, तो सगळा हसण्यातून बाहेर आला. दादा म्हणाला, "म्हणजे ते दुकानवाल्यासारखं झालं! तो म्हणाला, बहनजी, थैली खाली है क्या, आणि आईने थैली खाली ठेवली!" ही गोष्ट आमच्या घरात प्रत्येक पाहुण्याला सांगून झालेली आहे. आम्ही डोळे पुसेपर्यंत हसलो. मग माझ्या लक्षात आलं की आपण दोघंच हसतोय.

"मला माहीत आहे," आई म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"शिक्षा म्हणजे शिक्षण. दादाच्या वेळी हे गेले होते, तुला पहिलीत घालायला मी गेले तेव्हा कळलं. शाळेच्या पाटीवर लिहिलं होतं, शिक्षा विभाग. मी घाबरून तुझा हात धरून तिथेच उभी राहिले. मग तुझ्या बाईंनी समजावून सांगितलं."

"तेव्हापासून ठाऊक आहे? मग परवा ती अपराधाची गोष्ट का सांगितलीस?"

"मी बघितलेला पिक्चर तोच आहे," आई म्हणाली. "नंतर कळलेला मी बघितलेला नाही."

मी बाबांकडे वळले. मला आता थांबवतच नव्हतं. "आणि तुम्हाला? तुम्हाला कधी कळलं?"

बाबा टीव्हीकडेच बघत म्हणाले, "त्याच दिवशी. पिक्चर सुटली तेव्हा ही रडत होती. टॉकीजच्या पायऱ्यांवर मला विचारलं, त्या मुलीचा गुन्हा काय होता?"

"मग सांगायचं ना तिथल्या तिथे! दोन शब्दांचं काम!"

"सांगितलं असतं तर ही हसली असती," बाबा म्हणाले. "आणि मग मला विचारावं लागलं असतं, की रडली का होतीस. मी म्हटलं, चल, टांगा मिळतो का बघू."

मला बाबांचा राग आला. आणि त्याच वेळी त्या पायऱ्यांवर उभा असलेला, टांगा शोधणारा, जेमतेम पंचविशीतला तो मुलगा दिसला आणि त्याची कीवही आली. दादाने टीव्ही बंद केला. आवाज खाली आणून त्याने विचारलं, "आई, पण एवढ्या पिक्चरांमधून हाच का? चांगला तरी कुठे आहे तो?"

"चांगला नाहीये," आई म्हणाली. "पण त्यात ती घरी जाते."

एवढंच. रडली नाही, आवाज चढवला नाही, 'ह्यांच्यामुळे' म्हटलं नाही. रोज संध्याकाळी मी जिच्या हातचा चहा प्यायले, जिला मी माझ्या पार्टीत धरलं होतं, तिला मी आजवर एकदाही विचारलं नव्हतं की तुला कुठे राहायचंय. 'हे म्हणतील तसं' हे मी उत्तर समजत होते. मी बाबांच्या तोंडाकडे बघत राहिले. आता ते काय म्हणतात ह्याच्यावर सगळं होतं आणि ते आईलाही कळत होतं, कारण तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली होती.

बाबा दादाला म्हणाले, "ते घर तळमजल्यावर आहे का रे? हिला जिने होत नाहीत आता."

"लिफ्ट आहे, बाबा."

"आणि हिची बहीण किती लांब?"

"रिक्षाने जाता येतं."

"हां." बाबांनी गुडघ्यांवर हात ठेवले. मग आमच्या कुणाकडे न बघता, ते आईला म्हणाले, "तिकडे मी 'ती पिक्चर' म्हणालो की लोक हसतील."

"'तो पिक्चर', बाबा," दादा सवयीने म्हणाला, आणि त्याने जीभ चावली.

आईने पदराचं टोक सोडलं. "हसू देत," ती बाबांना म्हणाली. "पहिली काही वर्षं हसतात."